इतर हक्कातला बोजा

सातबाऱ्यावर एक रकाना असतो. छापील नाव 'इतर अधिकार', बोलण्यात 'इतर हक्क'. सोसायटीचे कर्ज, बँकेचे तारण त्यात नोंदले जाते. त्या नोंदीला बोजा म्हणतात. जमीन तीच राहते. गट नंबर तोच, क्षेत्र तेच, चतुःसीमा त्याच. फक्त एक ओळ वाढते.

कर्ज काढणारा मरतो. ओळ मरत नाही. वारसाचे नाव लागते ते ओळीसकट.

कोकणातल्या लांज्याच्या तहसील कचेरीबाहेर उतारा हाती पडलेला माणूस स्वतःचे नाव नंतर वाचतो. आधी तो रकाना पाहतो. गुंठ्या-गुंठ्याच्या जमिनीने त्याला एवढे सावध केले आहे. शरीराचा उतारा मात्र तो कधी काढत नाही. शरीर वडिलोपार्जित आहे हे त्याला मान्य असते. ते बोजासह मिळाले असेल, अशी शंका त्याला येत नाही.

गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर जातो. लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. वैद्यकात याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. शंभर गरोदर स्त्रियांत दोघींपासून आठजणींपर्यंत तो गाठतो. गावात त्याला नाव नाही. 'बीपी वाढलं' एवढेच म्हणतात. पुढचे वाक्य 'रत्नागिरीला नेलं' असे असते. त्या दोन वाक्यांच्या मध्ये पाली येते, हातखंबा येतो आणि वर्षानुवर्षे रुंद होत असलेला महामार्ग येतो.

कोंबडीच्या रोगाला बोलीत नाव आहे: मानमोडी. भाताच्या रोगाला आहे: करपा. ज्याचे नुकसान मोजायचे असते त्याला माणसे नाव देतात.

दुर्लक्ष झाले तर झटके येतात. मग 'प्री' हा उपसर्ग गळतो आणि एक्लॅम्पसिया उरतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लखलखाट, अकस्मात चमकणे. वीज पडण्याआधी आभाळ भरून येते. मे महिन्याच्या अखेरीस ते कोकणातल्या लहान पोरालाही कळते. अंगणातली आमसुले तो आपणहून आत घेतो.

बाईचे अंग भरून येते तेव्हा कुणी काही आत घेत नाही. उलट अंगणात पाट मांडतात. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, फुलांची वाडी भरतात. आलेल्या बायका म्हणतात, अंगाने भरली, तोंडावर तेज आले. पुष्कळदा ते खरेही असते. सूज प्रत्येक वेळी वाईट नसते. पण कधी कधी ते तेज नसते, पाणी असते. रोग आणि सोहळा एकाच महिन्यात येतात. सोहळ्याला आमंत्रण असते, म्हणून तोच दिसतो.

एकीच्या हातातली अंगठी सोनाराकडून कापून घ्यावी लागली होती. डोहाळजेवणाच्या फोटोत तो हात मांडीवर आहे. फोटोतले सगळे हसत आहेत.

रोगाचे मूळ वारेत असते. वार हा शब्द सुंदर आहे आणि उपेक्षित आहे. नाळेला म्हणी मिळाल्या, वारेला काही मिळाले नाही. चाकरमानी मुंबईहून गणपतीला येतो आणि म्हणतो, माझी नाळ इथे पुरली आहे. पुरली जाते ती मुख्यतः वार. भावनेला शरीरशास्त्र लागत नाही.

गर्भाशयाच्या भिंतीत नागमोडी धमन्या असतात. गर्भ रुजताना वारेच्या पेशी त्या धमन्यांत शिरतात आणि त्यांच्या आतला स्नायूंचा पीळ सोडवतात. पाटाचे तोंड रुंद करून घ्यावे तसे. पुढचे महिने रक्त संथ आणि भरपूर यावे यासाठी ही सोय. प्रीएक्लॅम्पसियात हे काम अर्धवट राहते. धमन्या अरुंद राहतात. वार उपाशी राहते.

उपाशी वार गप्प बसत नाही. ती आईच्या रक्तात काही द्रव्ये सोडते. त्यांतले एक बोस्टनमधल्या अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ओळखले. नाव एसफ्लट-१. आईच्या रक्तवाहिन्यांना सांभाळणारी जी द्रव्ये असतात त्यांना ते धरून ठेवते. हेच प्रथिन उंदरांच्या अंगात वाढवले तेव्हा त्यांचा रक्तदाब चढला, लघवीतून प्रथिने गेली, मूत्रपिंडांवर तीच खूण उमटली. ज्या माद्या गाभण नव्हत्या त्यांच्यातही. करुमंची शिकले मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात. जिथे बायका या रोगाने मरतात तिथे शिकलेल्या डॉक्टराने तो शेवटी अमेरिकेत उलगडला. यात आश्चर्य मानण्याची सवय आता उरलेली नाही.

आणि वार कुणाची? ती आईची नाही. ती गर्भाने केलेली असते, आणि गर्भात बाप अर्धा असतो. २००१ साली युटा राज्यातल्या नोंदींवरून एक गोष्ट दिसली. ज्या पुरुषांच्या आईला हा रोग झाला होता, त्यांच्या बायकांना तो होण्याची शक्यता वाढते. म्हणजे मुलगा तो जोखमीचा अंश घेऊन लग्नाला उभा राहतो. पत्रिकेत हे येत नाही. मंगळ येतो.

कोकणात कुलवृत्तांत छापण्याची हौस मोठी. मूळ पुरुष, त्याचे मुलगे, त्यांची गावे, पेशा, सन्मान. सुनांची माहेरची नावे कंसात. जाड पुठ्ठ्याचे ते ग्रंथ चाळताना लक्षात येते की त्यात 'बाळंतपणात वारली' ही नोंद पानोपानी आहे आणि पुढच्याच ओळीत दुसऱ्या लग्नाचे साल आहे. कशाने वारली हे कुठे नाही. कुळाचा इतिहास लिहिणाऱ्यांना तो तपशील वाटला.

रोगावर खरा उपाय एकच, प्रसूती. वार पडली की तो सहसा ओसरतो. झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट आहे. २००२ साली सुमारे १०,००० स्त्रियांवर झालेल्या मॅगपाय चाचणीने सिद्ध केले की त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली येतो. स्वस्त औषध आहे, जुने आहे. मग फोन येतो: बाळ-बाळंतीण सुखरूप. घराचा जीव भांड्यात पडतो.

सुखरूप हा त्या दिवसाचा शब्द आहे. तो आयुष्यभरासाठी वापरला जातो.

पुढे काय होते हे माणसात पाहायला ५० वर्षे लागतात. संशोधकाची नोकरी तेवढी नसते. म्हणून उंदीर. उंदरीण २१-२२ दिवसांत विते. पिल्लू दोन-तीन महिन्यांत वयात येते, दोन वर्षांत म्हातारे होते. माणसाला जे पाहायला आयुष्य पुरत नाही ते उंदराचे आयुष्य त्याला वाचून दाखवते.

अडचण एवढीच की हा रोग उंदराला सहसा आपणहून होत नाही. तो करावा लागतो. मिसिसिपी विद्यापीठाच्या जॅक्सन इथल्या वैद्यकीय केंद्रात जोई ग्रेंजर यांच्या गटाने रूढ केलेली रीत अशी: गाभणपणाच्या १४व्या दिवशी मादीचे पोट उघडायचे. पोटातल्या महाधमनीवर चांदीचा चिमटा बसवायचा. चिमट्यात फट ०.२०३ मिलिमीटरची. अंडाशयाच्या धमन्यांवर त्याहून बारीक. पोट शिवायचे. गर्भाशयाचे रक्त घटते. आठवड्याभरात मादीचा रक्तदाब चढतो.

मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. बाजूची चिमटा नसलेली मादी नेहमीसारखी खात असते, आणि हीसुद्धा खात असते. गवतात बसलेली दिसते. पिंजऱ्याच्या बाहेरून दोघींत फरक नाही.

पिल्ले लहान जन्मतात. पुष्कळ प्रयोगांत प्रत्येक आईकडे आठच ठेवतात, म्हणजे दूध सारखे मिळते आणि तुलना न्याय्य होते. उरलेल्यांचा हिशेब निबंधात एका क्रियापदात संपतो. शास्त्र निर्दय आहे असे म्हणण्याचा अधिकार त्याच्या औषधावर जगणाऱ्याला किती, हा वेगळा प्रश्न.

ही पिल्ले दूध पितात, वाढतात. त्यांच्यावर चिमटा कधीच नव्हता. तरी पुढे त्यांचा रक्तदाब चढलेला सापडतो. साखर पाजली तर ती रक्तातून लवकर उतरत नाही. इन्सुलिन असते, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. भूक आवरणारे लेप्टिन वाढलेले असते. म्हणजे 'पुरे' हा निरोप जातो, पोहोचत नाही. २०१० साली छापून आलेल्या एका प्रयोगात साखर, इन्सुलिन आणि लेप्टिनचा हा बिघाड कोवळ्या वयातच दिसला.

चिमटा आईच्या अंगावर होता. खूण पिल्लाच्या अंगात निघाली.

असे का व्हावे, याचे उत्तर कोणत्याही गरीब घरात आहे. धान्य कमी पडले की आधी कुणाचे ताट हलके होते हे घर बोलत नाही, पण जाणते. कमावत्याला पोटभर, शिकणाऱ्याला पोटभर, रांधणारीला उरलेले. गर्भही तसेच करतो. रक्त कमी आले की मेंदूला आधी वाढतो. मूत्रपिंड, स्वादुपिंड, यकृत यांना उरलेले. मूत्रपिंडातल्या गाळण्या कमी पडतात. त्या जन्मानंतर वाढवून मिळत नाहीत. मेंदू शाबूत असतो, पोर हुशार निघते, आणि कुणाला काही कमी पडले होते याची आठवण राहत नाही.

निकड संपल्यावरही घराची सवय संपत नाही. १९९२ साली हेल्स आणि बार्कर या दोघा संशोधकांनी या सवयीला काटकसरी घडण अशा अर्थाचे नाव दिले. काटकसरी माणूस वाईट नसतो. त्याच्या हाती एकदम पैसा आला की तो बिघडतो.

लांज्याचा माणूस ही गोष्ट जगला आहे. आई नाचणीच्या भाकरीवर आणि भाताच्या पेजेवर वाढली, लावणीत पाठ मोडेतो वाकली. मुलगा दहावी होऊन मुंबईला गेला. गिरणीत, गोदीत, पुढे कुरियरच्या कचेरीत. डोंबिवलीत, नालासोपाऱ्यात खोली. सकाळी वडापाव, रात्री पुन्हा भात. पोटाला उपासाची तयारी होती, समोर आला सुकाळ. चाळिशीत साखर निघते. तो म्हणतो, मुंबईचे पाणी लागले. पाणी नेमके कुठले, हे त्याला ठाऊक नसते.

मनिऑर्डरीने घरे उभी राहिली असे म्हणतात. मनिऑर्डर पाठवणाऱ्यांची शरीरे कशावर उभी होती, याचा हिशेब पोस्टाने ठेवला नाही.

उंदरांच्या प्रयोगांत एक गोष्ट आणखी निघाली. ती इथल्या लोकांना रुचणारी नाही. अशा आयांची नर पिल्ले मोठेपणी रक्तदाबाची होतात. माद्या तरुणपणी बऱ्याच अंशी वाचतात. नराचे वृषण काढले तर रक्तदाब खाली राहतो. मादीचे अंडाशय काढले तर चढतो. वय उतरणीला लागल्यावर मादीचीही ढाल गळते. मुलगा व्हावा म्हणून नवस बोलणाऱ्या घरात हा निष्कर्ष कोण वाचून दाखवणार? मुलगाच वारस असावा, अशी घराची इच्छा. या एका बाबतीत ती पुरी होते.

मुलींना काही मिळत नाही असे नाही. त्यांना उशिरा मिळते. इतर हक्कात त्यांचे नाव तसेही उशिराच लागते.

माणसांतला पुरावा मात्र वह्यांतून आला. हर्टफर्डशायर हा इंग्लंडातला साधा परगणा. तिथे १९११ पासून सुईणी आणि आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचे जन्मवजन आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन वहीत लिहीत. ही शिस्त घालून दिली एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंनी. बाळे जगावीत एवढाच हेतू. वह्या पडून राहिल्या. पुढे त्याच डेव्हिड बार्करना त्या सापडल्या. १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढला गेला आणि १९८९ साली निष्कर्ष छापला: जी बाळे वजनाने कमी होती, ती मोठेपणी हृदयविकाराने अधिक मेली. नामवंत सिद्धांताच्या मुळाशी सायकलवरून हिंडणाऱ्या बायकांचे अक्षर आहे. त्यांना त्याची कल्पना नव्हती. नीट केलेले काम कशाच्या उपयोगी पडेल हे करणाऱ्याला कळत नाही. बहुधा म्हणूनच ते नीट होते.

लांजा तालुक्यात हे काम आशाताई करतात. भांबेडला करतात, प्रभानवल्लीला करतात, माचाळसारख्या चढावरच्या गावातही करतात. वजनकाटा, टेप, रजिस्टर. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी, २०१६ पासून. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या. कॅल्शियम कशासाठी, असे विचारले तर हाडांसाठी असे उत्तर मिळते. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी, त्यांच्यात ते या रोगाचा धोका घटवते, हे सांगितले जात नाही. गोळी उशाखाली राहते. कारण न सांगता दिलेली वस्तू माणूस जपत नाही.

आणखी एक गंमत आहे, म्हटले तर. पहिले बाळंतपण माहेरी. नोंदणी विरारला किंवा सासरच्या उपकेंद्रात, सोनोग्राफी रत्नागिरीत, प्रसूती लांज्यात. रक्तदाबाचे आकडे तीन ठिकाणी वाटले जातात. हा रोग आकडा एकटा पाहून कळत नाही; आधीचा आकडा शेजारी लागतो. माहेरच्या मायेची ही एकच बाजू हिशेबात धरायची राहिली. माया कागद एकत्र ठेवत नाही.

दोन शोध जवळचे आहेत. दोन्ही पुण्याचे.

केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून अधिक हलकी होती. हाडे बारीक, स्नायू कमी. चरबी मात्र त्या मानाने राखलेली. वरून किडकिडीत आणि आतून मेदाळ. २००४ साली याज्ञिकांनी स्वतःला आणि जॉन युडकिन या ब्रिटिश मित्राला शेजारी उभे केले. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. लॅन्सेटमध्ये दोघांचा फोटो छापून आला. 'तब्येत काय, काटक आहे' हे वाक्य त्यानंतर पूर्वीइतक्या निर्धास्तपणे ऐकता येत नाही.

त्यांच्याच सहभागाने २०१५ साली उंदरांवरचा एक प्रयोग छापला गेला. विस्टार जातीचे उंदीर ५० पिढ्या अर्धपोटी ठेवले होते. माणसाच्या हिशेबात साडेबाराशे वर्षे; तेव्हा दक्षिण कोकणात शिलाहारांचे राज्य नुकतेच सुरू होत होते. या उंदरांत ब-१२ जीवनसत्त्व कमी, इन्सुलिन जास्त, मधुमेहाकडे ओढा मोठा. मग त्यांना दोन पिढ्या पोटभर खाऊ घातले. वजने वाढली. बिघाड हटला नाही. जनुके तीच होती. त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा बदलल्या होत्या. जमीन तीच, गट नंबर तोच, ओळ वाढलेली.

दोन पिढ्या पोटभर म्हणजे साधारण स्वातंत्र्यानंतरचा काळ. हा हिशेब प्रयोग करणाऱ्यांनी मांडलेला नाही. तो मनात आपोआप होतो.

दुसरे काम भारती विद्यापीठाच्या इर्शा या संस्थेतले, डॉ. साधना जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. प्रीएक्लॅम्पसिया हाच विषय धरून ही मंडळी वर्षानुवर्षे बसली आहेत. गाभण उंदरिणींना १४व्या ते २०व्या दिवसापर्यंत एल-नेम हे रसायन देतात. ते रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड बनू देत नाही, रक्तदाब चढतो. काही माद्यांना सोबत माशांच्या तेलातली ओमेगा-३ मेदाम्ले, फॉलिक आम्ल आणि ब-१२ एकत्र दिले. २०१४ साली छापलेला निष्कर्ष असा की एकत्र दिल्याने पेशींवरचा ताण उतरतो. प्रयोगशाळेतल्या मादीला माशाच्या तेलाची धार मिळाली. लांज्याला समुद्र नाही. बांगडा रत्नागिरीहून टेंपोतून येतो. घरी आल्यावर तुकड्या कुणाच्या ताटात पडतात आणि रस कुणाच्या, हे टेंपोवाल्याला माहीत नसते.

उंदराचे माणसाला लावू नये, हा आक्षेप रास्त आहे. माणसाची वार उंदराच्या वारेहून खोल रुजते. उंदराचे मूत्रपिंड जन्मल्यावरही घडत राहते, माणसाचे आधीच पुरे होते. शिवाय माणसात आकडे लहान निघतात. २०१२ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अशा आयांच्या मुलांचा वरचा रक्तदाब इतरांपेक्षा सरासरी २.४ मिलिमीटरने अधिक निघाला. हाताला पट्टा बांधणारा एवढ्या फरकाकडे पाहतही नाही. तो त्याच्या जागी बरोबर आहे. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या जुन्या नोंदींतून दिसले की अशी मुले म्हातारी होईपर्यंत पक्षाघाताकडे अधिक झुकतात. तेही बरोबर आहे. लहान रक्कम आणि लांब मुदत यांचे काय होते, हे सोसायटीच्या कर्जदाराला समजावून सांगावे लागत नाही.

बोजा म्हणजे जप्ती नव्हे. बहुतेक मुले धडधाकट जगतात. बोजा असलेल्या जमिनीतही हापूस येतो.

आता दोषाविषयी.

पूर्वी ग्रहणात बाईने विळी धरली म्हणून मुलाचा ओठ फाटे. आता तिने गोळ्या खाल्ल्या नाहीत म्हणून मुलाला मधुमेह होतो. भाषा सुधारली. बोट तिकडेच राहिले. २०१४ साली नेचर या नियतकालिकात काही अभ्यासकांनी हाच इशारा दिला: गर्भातल्या खुणांचे शास्त्र आईला आरोपी करण्यासाठी वापरू नका. इशारा इंग्रजीत होता. सासू मराठीत बोलते.

खरे पाहता या दोषातून आईला सोडवतो तो उंदरांचा प्रयोगच. प्रयोगातल्या मादीने काहीच केलेले नसते. तिने ग्रहण पाळले नाही असे नाही, पथ्य मोडले असे नाही. शेजारच्या मादीला जे खाणे तेच तिला. चिमटा बाहेरून आला. तो कुणी बसवला, कितव्या दिवशी, किती रुंदीचा, हे निबंधात लिहिलेले असते. म्हणून तिथे आईला कुणी बोल लावत नाही.

बाईच्या बाबतीत चिमटा कुणी बसवला हे माहीत नसते. तेव्हा तो तिनेच बसवला असे धरून चालतात. अज्ञानाला रिकामी जागा सहन होत नाही; जवळ जो माणूस असतो त्याला ते तिथे बसवते. आणि बाळंतिणीइतके जवळ कुणी नसते.

आईलाही हे पटते, ही त्यातली वाईट गोष्ट. मुलाच्या रिपोर्टावर लाल शाईने वर्तुळ केलेला आकडा पाहून एक म्हातारी म्हणाली, माझ्याच पोटी असे व्हायचे होते. तिला तिच्या स्वतःच्या रक्तदाबाबद्दल कुणी पुढे विचारले नव्हते. या रोगातून उठलेल्या बाईला पुढल्या आयुष्यात रक्तदाब आणि हृदयविकार होण्याची शक्यता वाढते. हे उंदरांवरून नव्हे, बायकांवरूनच कळलेले आहे. बाळाला लसीसाठी नेतात. तिला कशासाठीही नेत नाहीत. बोजा दोन उताऱ्यांवर चढतो. एक उतारा कुणी काढायलाच जात नाही.

काही सुटका आहे का? न्यूझीलंडमध्ये २००५ साली अर्धपोटी आईच्या नवजात मादी पिल्लांना काही दिवस लेप्टिन दिले. मोठेपणी त्यांची चयापचयाची घडी बऱ्याच अंशी सरळ राहिली. म्हणजे लिहिलेले अढळ नाही, निदान शाई ओली असताना. त्यावरून माणसाच्या बाळाला काही टोचावे असे कुणी सुचवलेले नाही, आणि सुचवू नये. पण जे बाळ लहान जन्मले त्याला नुसते गुटगुटीत करण्याची घाई करू नये, हे लक्षात ठेवायला टोचणी लागत नाही. गुटगुटीत बाळांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी हे वाचलेले नाही.

तलाठी जुनी नोंद पुसत नाही. कर्ज फिटले की बँकेकडून बेबाकीचा दाखला आणावा लागतो, अर्ज द्यावा लागतो. फेरफार होतो, आणि त्या ओळीला कंस केला जातो. कंसातली ओळ वाचता येते. तिचा जोर गेलेला असतो. शरीराच्या बाबतीत कंस कसा करायचा हे हळूहळू कळते आहे: चालणे, वजन, मीठ, वेळच्या वेळी तपासणी. यांत नवीन काही नाही. नवीन एवढेच की कुणी अधिक लवकर सुरुवात करायची ते ओळखता येईल. त्यासाठी आधी ओळ दिसली पाहिजे.

चाळिशीच्या माणसाचा केसपेपर काढतात तेव्हा विचारतात: वडिलांना साखर होती का, आईला होती का, तंबाखू आहे का. 'तुमच्या वेळी आईचे बीपी वाढले होते का' असे विचारत नाहीत. विचारले तरी त्याला सांगता येणार नाही. आईला विचारावे तर पुष्कळदा ती उरलेली नसते. असली तर म्हणते, पाय सुजले होते खरे, पण देवाच्या कृपेने सगळे सुखरूप झाले.

लांज्याच्या जुन्या घरांत माळ्यावर पत्र्याची पेटी असते. दर पावसाळ्याआधी ती खाली काढतात, कागदांना ऊन देतात. तीत सातबारे असतात, फेरफार असतात, आजोबांच्या नावची खरेदीखते असतात, फिटलेल्या कर्जाच्या पावत्या असतात. माता-बाल संरक्षण कार्ड नसते. ते बाळाच्या लसी संपल्या की हरवते.